हाताची चव

प्रिय हातमोजेसाहेब,

हे नाव तुमच्या कानावर आलेलं नसेल. ज्या खानावळींची स्वयंपाकघरं तुम्ही पांढरे हातमोजे चढवून तपासता, तिथले मालक तुमची पाठ वळली की याच नावानं तुमचा उद्धार करतात. घरात होते तोवर मी सांगितलं नाही. आता कशाला भीड ठेवू? आत्ता तुम्ही गालाला फेस लावून आरशासमोर बसला असाल. टपाल बायकोनं मोठ्यानं वाचायचं आणि साहेबांनी दाढी करता करता ऐकायचं, हा थाट मीही सांभाळलाय. एक बरं आहे, वस्तरा गळ्याशी असताना माणसाला आरडाओरडा करता येत नाही. तेव्हा ऐका.

माझं ठीक चाललंय. दादाच्या घराशेजारच्या शिवणकारखान्यात कॉलर शिवते. सकाळ-संध्याकाळ गोळी घेते आणि गेला हिवाळाभर एकदाही फिटचा झटका आलेला नाही. तुमच्या घरी पहिला आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. शुद्धीवर आले तर तोंडात रक्त, बादली उपडी, आणि तुम्ही सासूबाईंना सांगत होतात की हिच्या माहेरीच हे आहे, आपल्याला फसवलं. माझ्या माहेरी सर्दीपलीकडे कुणाला काही झालेलं नाही, पण तुम्ही पडलात निरीक्षक. न तपासता शेरा मारण्यात तुमचा हातखंडा. तिसऱ्या झटक्यानंतर माझी पेटी दारात आली. रिक्षात बसेपर्यंत तुम्ही नाकाला रुमाल लावून उभे होतात, जणू फिट वाऱ्यानं उडून तुम्हालाच चिकटणार होती.

दादानं मला मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो निघाला तर मेंदूत दोन गाठी, डाळीच्या दाण्याएवढ्या. जंताची पिल्लं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस जो खातो, त्याच्या पोटात फितीसारखा लांब जंत वाढतो. त्याला स्वतःला फारसं काही जाणवत नाही. पण संडासाहून आल्यावर तो हात धूत नसेल, तर जंताची अंडी त्याच्या नखांतून घरच्यांच्या खाण्यात जातात आणि त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतात. मी म्हटलं, त्या मांसाला मी जन्मात शिवलेली नाही.

"तुम्ही खायची गरजच नव्हती," बाई म्हणाल्या. "घरात खाणारं कोण आहे?"

मला तिथेच हसू फुटलं. बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारे तुम्ही! खानावळींच्या मागच्या दारी उभ्या उभ्या फुकटचं, घाईघाईत भाजलेलं काय काय पोटात जायचं, ते तुमच्या कोटाचा वास मला रोज सांगत होता. तुमच्या आतल्या कपड्यांत पांढऱ्या फितीचे तुकडे सापडायचे. मी ते सुटलेले धागे समजून झटकायचे. आणि संडासातून निघून नळाकडे ढुंकूनही न बघता तुम्ही थेट ओट्याशी यायचा, कारण काकडी-टोमॅटो कालवणं हे घरातलं तुमचं एकमेव काम. चमचा दिला की रागवायचा. हाताची चव चमच्याला येत नाही म्हणे. लोकांच्या ओट्यावर बोट फिरवून दंड करणारा हा माणूस, आणि त्याच्या घरात सगळ्यात घाण वस्तू कोणती, तर त्याची दहा बोटं.

वन्संकडून मी तेव्हाच निरोप धाडला होता की शौचाची तपासणी करून घ्या, एका औषधानं काम होईल. तुमचं उत्तर आलं की निरीक्षकाच्या पोटात जंत होत नसतात. मी नाद सोडला. पण परवा वन्संचा फोन आला. तुमची नवी बायको गेल्या आठवड्यात ओट्याशी कोसळली, हात-पाय झाडत. आणि तुम्ही शेजाऱ्यांना सांगत फिरताय की हिच्याही माहेरी तेच निघालं, तुमचं नशीबच खोटं. दोन बायका, दोन माहेरं, आणि रक्त नेमकं तुमच्या उंबऱ्याच्या आत आल्यावरच बिघडतं. याचं नवल तुम्हाला वाटलं नाही, यातच तुमची अक्कल आली. म्हणे तिची बॅगही भरून ठेवलीय.

तुम्हाला पत्र लिहून शाई वाया घालवणाऱ्यांतली मी नाही. तुमचं टपाल कोण उघडतं ते मला माहीत आहे, म्हणून लिहिलं. बाई गं, आता मोठ्यानं वाचायचं थांब. इथून पुढचं तुझं एकटीचं आहे. तुझ्या माहेरात काही खोट नाही. जंताची गोळी दुकानातून आणून परस्पर घेऊ नकोस, डोक्यात सूज येऊ शकते; आधी डोक्याचा फोटो काढून घे. हे बरं होतं, मी रोज मशीनवर बसते. आज ताटात त्यांच्या हातचं काही घेऊ नकोस. बॅग भरलेलीच आहे ना, तीच उचल आणि इकडे ये. पत्ता पाकिटामागे आहे, डॉक्टरीणबाईंना मी सांगून ठेवलंय. ते विचारतील, पुढे काय लिहिलंय, वाचत का नाहीस. तर सांग, संपलं.

तुझीच,
तुझ्या आधीची