कपाटातल्यांची पाठवणी

प्रिय छोट्या,

आमच्या शरीररचना विभागातली लाकडी कपाटं परवा रिकामी झाली. त्यांतली हाडं शंभर वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका वस्तीच्या दफनभूमीतून, कुणालाही न विचारता उचलून आणलेली. माझी सगळी कारकीर्द त्यांच्यावर उभी आहे. दातांवरच्या रेघांवरून कोणतं मूल लहानपणी उपाशी राहिलं, मणक्यांवरून कोण जन्मभर ओझी वाहत होतं, हे मी शोधत बसायचे आणि आई म्हणायची, या पोरीला जिवंत माणसांत करमतच नाही.

यंदा वस्तीने ती हाडं परत मागितली. विभागप्रमुखांना वाटलं, मी कडाडून विरोध करीन. मी म्हटलं, देऊन टाका. "बाई, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेताय," म्हणाले. असेलही. अर्धवट राहिलेलं काम आता कायमचं अर्धवटच राहणार.

न्यायला आलेल्यांत एक आजी होत्या. मी उत्साहाने एक पेटी उघडून सांगू लागले, की ही बाई पस्तिशीची, हिचा हात मोडून अगदी नीट जुळलेला, म्हणजे कुणीतरी मायेने बांधला असणार. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग पेटीवर हात ठेवून विचारलं, "इथे हिला हाक कशी मारायचात गं?"

"नंबरने," मी म्हटलं.  आजींनी पेटी स्वतःच उचलली, सोबत आलेल्या मुलाला हातसुद्धा लावू दिला नाही.

बाबा धडधाकट आहेत, काळजी नको. देहदानाचं मात्र त्यांनी पक्कं केलंय, तेही आमच्याच विभागाला. "निवृत्तीनंतर हाडांना तरी नोकरी लागेल," म्हणून स्वतःच हसतात. तू मला फोनवर "मग बाबा गेल्यावर मी जाऊन बसायचं कुठे?" म्हणालास आणि फोन ठेवलास, तेव्हापासून तुझी समजूत घालायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय. त्यासाठीच कागद घेऊन बसले होते. पण ते मला जमणार नाही. काल त्यांना सरळ सांगितलं, माझ्या विभागात तुम्हाला ठेवणार नाही. "जगाची हाडं चालतात, बापाची नकोत?" म्हणाले आणि अबोला धरून बसलेत. देह त्यांचा, इच्छा त्यांची. ती मी एकटीने कशी मोडू? म्हणून रविवारी ये. मला विचारलंस ते त्यांच्यासमोर बसून विचार. त्यांचं उत्तर मलाही ऐकायचंय.

तुझीच,
ताई