चष्मेवाल्याचं चाक

पोरी,

मी तुझ्या आत्याकडे चाललोय, सोमवारी येईन. आत्याला काही झालेलं नाही, उगाच फोन करून विचारत बसू नकोस. उद्या तुझा तो चष्मेवाला मित्र येणार, म्हणून निघालोय. शेडची किल्ली जागेवर आहे.

गेल्या रविवारी तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आता बसा, आपल्या विमानाच्या पत्र्याच्या कडा त्याच्या विजेच्या चाकावर झटक्यात घासून होतात." बसलो. तुम्ही दोघं आत खिदळत होतात आणि मी पायरीवर चहा गार करत होतो. कडेला जरा खरखर राहिली की उडताना तिथूनच आपण बांधतोय त्या विमानाला चीर जाईल, हे तुला कोणी शिकवलं? त्यानं का?

म्हणून आज तू कामावर गेल्यावर त्यानं घासलेल्या पंखाच्या सगळ्या फासळ्या खाली काढल्या आणि कडांवरून कापूस फिरवला. कुठंतरी एक तंतू अडकेल आणि तुला दाखवीन, अशी फार आशा होती. पठ्ठ्याच्या कामात एकही अडकला नाही. मी कानशीनं घासलेल्या दोन फासळ्यांनी मात्र कापूस धरला. त्या त्यानं शेडमध्ये ठेवलेल्या त्याच्याच चाकावर नीट करून ठेवल्यात. चाक चांगलं आहे. त्याला सांगू नकोस.

शेपटाचे तुकडे तेवढे माझ्या खोलीत कपाटावर चढवून ठेवलेत. ते मी आल्यावर आपण दोघंच घासू, कानशीनं. वेळ लागला तर लागू दे.

बाबा