तुमचीच समजा

२ फेब्रुवारी १९९८, कोसाड, सुरत
आज सामान लागलं. दोन खोल्या, पुढे गॅलरी, पाणी सकाळ-संध्याकाळ. शेजारच्या धुरपदाबाई आमच्या धुळ्याकडच्याच निघाल्या. नेहाला शाळेतून आणायचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. नेहाची आई अलका गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून पोरगी इतकी खळखळून हसलेली मी पाहिली नव्हती. नऊ वर्षांची आहे. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. सुरत पसंत आहे बुवा आपल्याला.

४ फेब्रुवारी
नोकरी मात्र अजब. एकवीस वर्षं साखर कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळला, इथेही पत्रंच लिहायची, पण कोणाला? बन्सीलालशेठच्या कॉम्प्युटर सेंटरात इंटरनेट आहे. त्यावर परदेशातले लोक लढाईचा खेळ खेळतात. एक साहेब तिकडून पांढरं राज्य चालवतात. शेजारची तांबडं, पिवळं, निळं अशी सहा राज्यं कॉम्प्युटर स्वतःच चालवतो. साहेबांना लढायला वेळ आहे, या सहा राजांची मनधरणी करायला नाही. तेवढं काम शेठनी घेतलंय, आणि माझ्या गळ्यात घातलंय. जो माणूसच नाही त्याच्याशी गोड बोलायचं, दिवसाचे आठ तास.

७ फेब्रुवारी
कंटाळलो. पिवळा विचारतो, तुमची फौज सीमेवर का? त्याला खुलासा दिला की निळा रुसतो, आपल्याला का नाही दिला म्हणून. कारखान्याचे संचालक बरे म्हणायचे. शेवटी एक ठरीव मसुदाच करून टाकला. भाषा इंग्रजी, वळण आपलं. आपली कृपा आहेच, घरी सर्व क्षेम, आणि खाली, चि. नेहा आपलीच समजावी. शाळेत घालताना मास्तरांना नाही का आपण म्हणत, पोरगी तुमचीच समजा, तसंच. राजे एकदम निवळले. आता फक्त वरचं नाव बदलायचं आणि धाडायचं. मान जरा मोकळी झाली.

१० फेब्रुवारी
तांबड्या राजाचं उत्तर: नेहाचं कलम मंजूर, न्यायला पथक निघालं. मला हसू आलं. कॉम्प्युटर तो, प्रत्येक वाक्य तहाचं कलम म्हणून मोजणार. नकाशावर एक तांबडा ठिपका निघालाय, रोज एक घर पुढे सरकतो. नेहाला सांगितलं तर विचारते, मग मी राणी होणार का.

१२ फेब्रुवारी
संध्याकाळी घरी आलो तर धुरपदाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमना पाव्हना उना व्हता." भरदुपारी, शाळेच्या फाटकाशी. तांबडं पागोटं, बोलणं फार अदबीचं. नेहाचं नाव घेऊन घर विचारलं म्हणे. सुरतेत मला कोण पाहुणा असणार? नेहाला दटावलं, कोणाबरोबर जायचं नाही. जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी
अर्धी रजा टाकून आलो. तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. बाईंनी दिलेलं पाणी हातात तसंच, तोंडाला लावलेलं नाही. मी विचारलं, कोण तुम्ही, काय पाहिजे. हात जोडून म्हणाला, "चि. नेहा आमचीच. न्यायला आलोय." माझ्या पत्रातलेच शब्द, आणि तेही मराठीत. मी तर कुठेच मराठीत लिहिले नव्हते. भीती वाटली.

१४ फेब्रुवारी
तांबड्याला लिहिलं, ती नुसती बोलायची पद्धत आहे, आमच्यात असं म्हणतात, कोणी मुलगी देत नसतं. उत्तर दोन मिनिटांत आलं: मग तुमच्या पत्रांतलं आणखी काय काय खरं नाही? नकाशात दोन घरं उरलीत.

१६ फेब्रुवारी
साहेबांची पूर्वेची खिंड तांबड्याला लिहून दिली. कोणाला न विचारता. बदल्यात नेहाचं कलम रद्द. ठिपका माघारी वळला. गल्ली मोकळी. नोकरी जाणार, जाऊ दे. पोरगी शेजारी झोपलीय, इतक्या दिवसांनी मलाही झोप येतेय.

१७ फेब्रुवारी
गेलीच नोकरी. शेठ लाल झाले होते. चष्मा उचलायला टेबलाशी गेलो तर पडद्यावर पाच पत्रं. पिवळा, निळा, हिरवा, काळा, जांभळा. पाचही पत्रांत एकच ओळ, कलम मंजूर, पथक निघालं. मसुदा एकच होता ना. मीच धाडला होता, सगळ्यांना. एक पत्र लिहू द्या म्हणून शेठच्या पाया पडलो. त्यांनी मशीन बंद केलं. म्हणाले, साहेबांनी खातं मिटवलं, खेळ संपला. आपल्यापुरता संपला. पण त्या राजांना कोणी माणूस चालवत नाही, ते आपले आपण —

१८ फेब्रुवारी
नेहाला बारडोलीला बहिणीकडे सोडायला निघालो. बस स्टँडवर पिवळं पागोटं. हात जोडले त्याने. परत आलो.

१९ फेब्रुवारी
जिन्यात तिघं. दुसऱ्या वाटेने नेहाला काढावं म्हटलं, दुसरी वाट नाही. धुरपदाबाई त्यांना चहा देतायत, पाहुणे म्हणून. चहा तसाच. आशा एकच, हे राजे एकमेकांचे वैरी. आपसांत भिडतील. भिडायला हवेत —

२० फेब्रुवारी, दुपार
पाचही दाराशी. भांडण नाही. आवाज नाही. आतून कडी लावलीय, ट्रंक आडवी —

पिवळा बाहेरून बोलला, अगदी हळू, अदबीने. "आमचा आपसांत तह झाला. पाच समान वाटे."

नेहा माझा सदरा धरून उभी आहे. विचारते, बाबा, वाटे कशाचे.