थरथरणारा सूर

हिंगणघाट, मंगळवार, १८ जानेवारी १९८३

नागपूरचे देशमुख आज दुपारी पुन्हा हॅम रेडिओवरून म्हणाले, "तुमचा मोर्सचा सूर थरथरतो." माझ्या हातचा ट्रान्समीटर आणि थरथरतो? सूर तयार करणारा ऑसिलेटर तीनदा उघडला, ट्रान्झिस्टर बदलला, कॉइल नव्याने गुंडाळली, तरी सुराभोवती ती खरखर आहेच. जोडणीत माझी चूक नाही, हे छातीठोक सांगतो. मग खरखर येते कुठून?

संध्याकाळी रिसीव्हरवर स्वतःचाच सूर ऐकत बसलो होतो. बायको, सुमन, चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आता त साफ वाजून राह्यला जी. जिनिंग बंद झालं न!"

उठून ट्रान्समीटरच्या फळीवर टिचकी मारली. तीच खरखर! भिंतीपलीकडे कापसातून सरकी काढायचं जिनिंग. दिवसभर भिंत हलते, तिच्यावरची फळी हलते, फळीवरची कॉइल हलते, आणि कॉइल हलली की सूर थरथरतो. बारा वर्षं इथं राहून जिनिंगचा आवाज मला ऐकूच येईनासा झालाय, नागपूरला मात्र रोज ऐकू जात होता.

उद्या कॉइल मेणात बसवतो. डब्याखाली गादी घालायला रुई त्याच जिनिंगमधून आणतो. मग देशमुखांनी काढून दाखवावी खोट!

चूक कुणाला सापडली, असं विचारलं तर सुमनचं नाव सांगेन. विचारलं तरच.