रिकाम्या गव्हाणीची वाटणी

माझी मुलगी, माझा मुलगा आणि माझ्या प्रवचनांत वर्षानुवर्षे जांभया दाबून बसलेली आमची चर्चची मंडळी, तुम्हा सर्वांची माझ्याविरुद्ध एकच तक्रार आहे आणि ती रास्त आहे. दर नाताळात आपल्या घरच्या देखाव्यातली गव्हाण रिकामी असते. मरीया आहे, योसेफ आहे, बैल आहे, गाढव आहे, आणि मधोमध येशूबाळ मात्र नाही. मुलगी लहानपणी विचारायची, "आई, मग हे सगळे वाकून बघतायत काय?" त्यावर मी तिला प्रवचन द्यायचे. उत्तर कधी दिले नाही. ते सापडते का, हे पाहायलाही हा कागद घेतला आहे.

मी, खाली सही करणारी, धंद्याने बुकबाइंडर, रविवारी मंडळीत हौसेने प्रवचन करणारी, विधवा, लिहून ठेवते की हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने होत आहे. हात धरून कोणी लिहवून घेतलेले नाही; माझा हात धरण्याची कोणाची छातीही नाही. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मनाचे विचाराल तर त्यात नुसता गोंधळ आहे. वकीलबाई म्हणाल्या, "चालतं. कायदा फक्त डोकं बघतो." म्हणून पुढे लिहिते.

कलम १. खालचे दुकान मुलीला, कारण खळ कधी पातळ आणि कधी दाट हे तिला बोट बुडवून कळते. वरच्या दोन खोल्या मुलाला, कारण जिना चढताना कुरकुर करण्यात त्याला सुख आहे. बँकेत असेल ते दोघांना सारखे. यावरून भांडलात तर कोणाची बाजू घ्यायला मी खाली येणार नाही.

कलम २. पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभणे आणि मोठी कातर मुलीची. शिकंज्याचा दांडा उजवीकडे अडतो; त्याला शिव्या न देता मेण द्यावे. बांधायला आलेले प्रत्येक पुस्तक मी आधी वाचायचे आणि मग बांधायचे, त्यामुळे या दुकानात काम कधी वेळेवर झाले नाही. जी पुस्तके न्यायला कोणी फिरकले नाही, ती मंडळीच्या वाचनालयाला.

कलम ३. पाळकसाहेबांनी एका नाताळात न राहवून माझ्या गव्हाणीत प्लास्टिकची बाहुली आणून ठेवली होती, उघडझाप करणाऱ्या डोळ्यांची. ती त्यांना परत करावी. माझा राग गेलेला नाही, पण बाहुली स्वच्छ धुतलेली आहे.

कलम ४. आता गव्हाण. माझे वडील सुतार होते. कपाटे करून उरलेल्या लाकडातून त्यांनी हा देखावा कोरला. बाळ मुद्दाम सुटे ठेवले, म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्हा भावंडांना ते गव्हाणीत ठेवता यावे. आई गेल्यावर घराची वाटणी झाली तेव्हा या देखाव्याचीही झाली. माझ्या धाकट्या भावाला आम्ही चिमणा म्हणतो. साठी उलटलेला वायरमन असला तरी चिमणाच. त्याच्याकडे मेंढपाळ आणि पूर्वेचे तीन ज्ञानी गेले. गव्हाण आणि तिच्याभोवतीचे माझ्याकडे आले. राहिले बाळ. तो म्हणाला, "आईनं माझ्या हातात दिलं." मी म्हणाले, "सांभाळायला दिलं, ठेवायला नाही." आईच्या मनात काय होते ते आईलाच ठाऊक. शलमोन राजापुढे एका बाळावरून भांडणाऱ्या दोघींपैकी एकीने तरी, ते जगावे म्हणून, बाळ सोडले होते. आमच्यात तेवढे मोठे मन कोणाचेच निघाले नाही. तेव्हापासून बाळ त्याच्याकडे काचेच्या कपाटात कापसावर झोपते आणि माझी मरीया रिकाम्या जागेकडे पाहत बसते.

मी त्याचेही प्रवचन केले. रिकामी गव्हाण म्हणजे वाट पाहणे, वाट पाहणे म्हणजे आशा, असे गर्जून सांगितले. लोक डोळे पुसत घरी गेले. आता कळत नाही की ती आशाच होती, की हट्टावर चढवलेला चांगला पुठ्ठा.

सबब, गव्हाण मुलीला द्यावी.

कलम ५. कलम ४ मधले शेवटचे वाक्य रद्द. मुलीकडे ती खळीने माखेल. मुलाला द्यावी.

कलम ६. कलम ५ रद्द. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला आहे, तरी कारण सांगणे भाग आहे.

गेल्या नाताळात चिमणा माझ्या दारात येऊन उभा राहिला. जिना चढून धाप लागली होती.

"ताई, घाबरू नकोस. जेवायला नाही आलो."

"मग कशाला आलास?"

त्याने खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून बाळ. अंगठ्याएवढे. नाक झिजून गेलेले.

"तुझी तब्येत बरी नाही म्हणे. माझीही यथातथाच आहे. तेव्हा एकदाचं ठरव. बाळ इथे ठेवू, की गव्हाण तिकडे नेऊ?"

शेकडो माणसांपुढे न अडखळणारी मी. "विचार करून सांगते," मी म्हणाले.

"अजून विचारच चाललाय?" तो हसला. "देवानं एवढा विचार केला असता ना ताई, तर नाताळ झालाच नसता."

बाळ रुमालात गुंडाळून तो खाली उतरला. जाताजाता जिन्यातला बंद पडलेला दिवा लावून गेला.

तेव्हापासून विचार चालू आहे. आपला विश्वास सांगतो, माणूस वर चढून येईल म्हणून देव थांबला नाही, तोच खाली आला. म्हणजे बाळानेच माझ्याकडे यावे, असे म्हणून मी खूश झाले. मग आठवले की ते आले होते, रुमालातून, माझ्या दारापर्यंत. उलट मेंढपाळ पाहा, ज्ञानी पाहा. ते उठून चालत गेले. म्हणजे मी जायला हवे. दोन्ही बाजूंनी मी जन्मभर सारख्याच तडफेने बोलले आहे, त्यामुळे स्वतःवरच विश्वास बसत नाही.

आणखी एक कोडे आहे. देवाला यायचेच होते तर बोलता न येणारे बाळ होऊन का यावे? मरणाला टेकलेल्या बाईला तान्हे बाळ काय देणार? पूर्वी मी यावर तासभर बोलले असते. आता एवढेच दिसते की तान्हे बाळ काही देत नाही. ते हात वर करते, उचलून घ्या म्हणून. देव जर माणसाच्या हातांवर इतका भरवसा टाकून आला असेल, तर माझी वेळ येईल तेव्हा त्याच्या हातांवर मी भरवसा टाकायला हरकत नसावी. ही माझी आशा. प्रवचनाएवढी मोठी नाही, पण हिला पुठ्ठा लागत नाही.

बुधवारी आणखी एक सुचले. त्या रात्रीच्या गोष्टीत कोणीच आपल्या घरी नाही. देव नाही, मरीया-योसेफ नाहीत, मेंढपाळ नाहीत. आपापल्या घरात घट्ट बसून राहिले ते दोघेच: जागा नाही म्हणणारा उतारशाळेचा मालक आणि बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा. मी आजवर त्यांच्याच रांगेत बसले होते. बुधवारी खात्री होती, आज पुन्हा डळमळते आहे. म्हणून ती पुरती जाण्याआधी लिहिते.

कलम ७. गव्हाण, मरीया, योसेफ, बैल आणि गाढव चिमण्याला. त्याच्याकडचे बाळ कोणी मागू नये.

सही: बुकबाइंडर बाई.

साक्षीदार: समोरची शिंपीणबाई, जिने वाचून विचारले, "एवढं सगळं लाकडाच्या तुकड्यासाठी?" होय.

दुसरा साक्षीदार: मंडळीचा पेटीवादक, ज्याने काही विचारले नाही.

ठिकाण: दुकानावरची खोली. दिनांक: नाताळाआधीचा दुसरा रविवार.

सह्या झाल्यावर लिहिलेले: वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. मग हे त्यात धरू नका, साधे सांगणे समजा. माझ्या मरणाची वाट पाहू नका. मला आता जिना उतरवत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मुला, तू मला खुर्चीसकट उचल; मुली, तू गव्हाण घे; आणि आम्हा दोघींना चिमण्याच्या दारात नेऊन ठेवा.