नव्याचे कौतुक

बाल्टिमोर बंदर, सप्टेंबर १९६१

तीर्थरूप आईस भिकाजीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे, पोटभर जेवतो. अक्षर बोटीवरच्या वेंगुर्ल्याच्या बाप्तिस्तचे आहे. त्याचे वळणदार, म्हणून त्यालाच बसवले. तुझा खोकला कसा आहे? भात पोटरीला आले का?

गोदीतले कामगार दुपारी बेसबॉलवरून भांडतात. खेळ आपल्या विटीदांडूसारखाच, विटीऐवजी चेंडू. यंदाच्या नव्या खेळाडूंत बक्षीस लांब फटके मारणाऱ्याला द्यावे, की जोरात चेंडू फेकणाऱ्याला? मलाही विचारले. मी म्हटले, "नव्याचा तोंडार कवतिक करूचा न्हय, दिष्ट लागता." बाप्तिस्तने इंग्रजीत सांगितल्यावर सगळे हसले. दोन दिवसांनी फेकणाऱ्याचा खांदा निखळला, तेव्हा कोणी हसले नाही.

त्याच आठवड्यात कप्तानाने सगळ्यांसमोर मला नव्या खलाशांत पहिला म्हटले. दृष्ट लागू नये म्हणूनच तू माझे नाव भिकाजी ठेवलेस, हे त्याला काय ठाऊक!

माझ्या जुन्या सदऱ्यावरून मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाक. ठसका लागला की नाही, तेवढे खरे कळव.

खालची सही माझीच आहे. या खेपेस डाव्या हाताने केली, म्हणून वाकडी.

तुझा
भिकाजी