वरचा मजला चिरंजीवांना, खालचा बहिणीला

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने प्लंबर, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी आज सकाळीच तपासून "डोकं शाबूत आहे, गुडघ्यांबद्दल मला विचारू नका," असा निर्वाळा दिला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. पत्नी माझ्याआधी गेली. मागे एकुलते एक चिरंजीव, सूनबाई आणि माझी धाकटी बहीण. खालील सर्व मिळकत स्वकष्टाची असून ती कोणाला द्यावी हा सर्वस्वी माझा अधिकार आहे.

१. राहतं घर मी ज्याच्याकडून घेतलं त्याला आम्ही घरात साखरतोंड्या म्हणतो. घेताना मी प्रत्येक भिंतीला कान लावून पाइप ऐकले. पाइप ठणठणीत निघाले. मी खूश. बांधकामाच्या परवान्यावर शिक्का होता, सही होती. तारीख मात्र मी पाहिली नाही. तळमजला बांधून झाला आणि परवान्याची मुदत संपली. वरचा मजला त्याने त्यानंतर चढवला, नकाशाला न विचारता. नगरपालिकेच्या लेखी आमचं घर आजही एकमजलीच आहे. साखरतोंड्याला जाब विचारला तर म्हणतो, "अहो, वरचा मजला तुम्हाला बक्षीस समजा!" त्याने दिलेली गच्चीची किल्ली कुठल्याच कुलपाला लागत नाही. ती त्याला परत द्यावी. माझ्याकडून बक्षीस.

२. या बक्षिसात माझी बहीण तीस वर्षं राहते आहे. मी दिवसभर लोकांच्या मोऱ्या उपसत होतो तेव्हा फोन तिने घेतले, गिऱ्हाइकांच्या शिव्या तिने खाल्ल्या आणि माझं दुकान विकत घेईपर्यंत रात्री कपडे शिवून त्याचं भाडंही भरलं.

३. वरच्या मजल्यावरची मधली भिंत नकाशात नसल्यामुळे जेमतेम चार इंचाची आहे. गेल्या महिन्यात मी बहिणीच्या खोलीतला नळ दुरुस्त करत होतो. पलीकडे चिरंजीव आणि सूनबाई बोलत होते.

"बाबांच्या मागे लगेच विकून टाकू. परवान्याचं कोण विचारतंय? गिऱ्हाईक रंग बघतं."

"आणि आत्या?"

"आत्याची होईल की कुठेतरी सोय."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

मी पाना पिशवीत टाकला. नळ तोवर गळायचा थांबला होता.

४. सबब, तळमजला, पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण यांसह, मी माझ्या बहिणीला कायमचा आणि पूर्ण मालकीहक्काने देतो. त्यातली वीट न् वीट मंजूर आहे. उद्या नगरपालिकेने वरचा मजला उतरवला तरी तिला कोणी उठवू शकणार नाही. तिचं शिलाई मशीन चिरंजीवांनी स्वतः खाली आणून द्यावं. ते जड आहे. हमाल लावू नये.

५. वरचा मजला चिरंजीवांना. वकीलसाहेब म्हणाले, "काका, कागदावर जो मजलाच नाही तो देणार कसा?" मी म्हटलं, "जसा आहे तसा द्या." चिरंजीवांनी तो दंड भरून नियमित करून घ्यावा, नाहीतर पाडावा. विकायचाच असेल तर गिऱ्हाइकाला आधी मुदत संपलेला परवाना दाखवावा, रंग नंतर. वर जायचा जिना आत्याच्या पुढच्या खोलीतून जातो. चढण्यापूर्वी तिला विचारावं.

६. दुकान, मालासकट, सूनबाईंना. "कुठे" हा प्रश्न या घरात फक्त त्यांनाच पडला.

७. पाइप पाने, आटे पाडायचं यंत्र आणि माझी शिडी चिरंजीवांना. मजला नियमित करताना उपयोगी पडतील. बाळा, मी रागावलेलो नाही. तू शिकशील. मीसुद्धा राहायला आल्यावरच शिकलो.

८. बँकेतल्या शिलकेतून माझा शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते बहिणीला.

वरील मजकूर वाचून होण्याआधीच बहीण चष्मा लावून, पेन घेऊन साक्षीदार म्हणून सही करायला आली. वकीलसाहेब म्हणाले, "ताई, ज्यांना मिळकत मिळते त्यांनी साक्षीदार व्हायचं नसतं." तिने पेनाला टोपण घातलं. मग खोलीभर नजर फिरवून म्हणाली,

"दादा, ही खिडकी मी जरा मोठी करून घेईन हं."

मी म्हटलं, "आधी परवानगी काढ."

स्थळ: तळमजला, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च

लिहून ठेवणार: (सही) प्लंबर, घरमालक

आमच्या समक्ष सही केली, आम्ही त्यांच्या समक्ष केली:
१. (सही) डॉक्टर
२. (सही) शेजारचे चावीवाले